एकाच कोऱ्या रकान्याचे दोन उलटे हिशेब : बेदाण्याच्या शीतगृहातलं एक प्रकरण

दिवाळीच्या तोंडावर शीतगृहाच्या भाड्याची बिलं निघाली आणि सावळजचे एक बागायतदार बिल हातात घेऊनच काउंटरवर आले. बिलावर नाव त्यांचं होतं. खालची लॉटची यादी मात्र पानभर लांब होती, आणि तिच्यात जत, पलूस, कवठेमहांकाळ अशी सगळी गावं होती. "दिवाणजी, माझी बाग दोन एकराची. एवढा बेदाणा मी कुठनं आणला वं?" दिवाणजींनी बिल उलटंपालटं करून पाहिलं. रकमेची बेरीज बरोबर होती, दर बरोबर होता, पेट्याही रजिस्टरशी जुळत होत्या. फक्त माल त्यांचा नव्हता.

त्याच आठवड्यात जत तालुक्यातले दुसरे एक शेतकरी चार पावत्या घेऊन आले. नाव एकच, माणूस एकच, पण चार पावत्यांवर चार खाते क्रमांक. त्यांनी हंगामात उचल घेतली होती, ती एका खात्यावर पडली होती आणि माल इतर तीन खात्यांवर. त्यामुळे त्यांच्या एका खात्यावर बाकी दिसत होती आणि उरलेल्या तिन्हींवर येणं.

सांगली-तासगाव पट्ट्यात हा धंदा कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. द्राक्षं रॅकवर वाळवून बेदाणा झाला की तो पेट्यांमधून शीतगृहात येतो. प्रत्येक आवकेला लॉट क्रमांक पडतो, पावती फाटते, आणि मग सांगली किंवा तासगावच्या सौद्यात भाव पटेल तसा माल बाहेर निघतो. एकाच शेतकऱ्याचा माल हंगामात पाच-सहा वेळा येतो. म्हणजे "हा माणूस आपल्याकडे आधी आला होता का?" हा प्रश्न सॉफ्टवेअरला रोज विचारला जातो, आणि इथल्या सॉफ्टवेअरने त्याचं उत्तर मोबाइल क्रमांकावरून द्यायचं ठरवलं होतं.

सॉफ्टवेअर तपासायला मला बोलावलं तेव्हा दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या समजल्या जात होत्या. एकाला "खाती एकत्र झाली" म्हणत होते, दुसऱ्याला "खाती फुटली". आधीच्या माणसाने दोन्हींसाठी दोन वेगळ्या दुरुस्त्या सुचवल्या होत्या. पण या दोन शेतकऱ्यांमध्ये एक गोष्ट सारखी होती, ती अशी की दोघांच्याही खात्यावर मोबाइल क्रमांक नव्हता.

आता "नव्हता" म्हणजे काय, इथून खरं प्रकरण सुरू होतं.

नोंदी तीन वाटांनी आत येत होत्या. पहिली वाट काउंटरवरच्या संगणकाची. तिथला प्रोग्रॅम सी शार्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला, विंडोज फॉर्म्सचा. त्यात मजकुराच्या चौकटीत काही लिहिलं नाही तर तिची किंमत नल, म्हणजे 'माहीत नाही' ही खूण, येत नाही. येते ती शून्य लांबीची स्ट्रिंग (स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ), म्हणजे दोन अवतरण चिन्हं आणि मध्ये काहीच नाही. दुसरी वाट गेटवरच्या मोबाइल अ‍ॅपची. तिथे हमाल गाडी उतरवत असताना पोरगा घाईघाईत नोंद करतो. मोबाइल भरला नाही तर अ‍ॅप तो रकाना पाठवतच नाही, आणि सर्व्हरवर त्याचं नल होतं. तिसरी वाट जुन्या एक्सेल फायलींची, ज्या सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा एकदाच चढवल्या होत्या. त्यांत कोरे सेल होते, एकटी आडवी रेघ होती, "नाही" असा शब्द होता, एखादा शून्य होता. काही ठिकाणी तर नल हा चार रोमन अक्षरांचा शब्दच रकान्यात बसला होता. एसक्यूएल सर्व्हर हा इथला मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस; त्याच्या मॅनेजमेंट स्टुडिओतून निकाल कॉपी करून एक्सेलमध्ये चिकटवला की नलच्या जागी तो शब्द उमटतो. तीच फाइल परत चढवली की तो साधा मजकूर म्हणून टेबलात जाऊन बसतो.

स्क्रीनवर यातल्या बहुतेक नोंदी सारख्याच दिसत होत्या, कारण यादी दाखवणारा फॉर्म नल आला तरी कोरा सेल दाखवत होता.

आवक नोंदवताना चालणारी ओळ अगदी साधी होती. मराठीत सांगायचं तर, शेतकरी टेबलातून असं खातं दे, ज्याचा मोबाइल आलेल्या मोबाइलइतका आहे. मिळालं तर तेच खातं वापर, नाही मिळालं तर नवीन उघड. दहा आकडी क्रमांक आला की ही ओळ उत्तम चालते. काउंटरवरून रिकामी स्ट्रिंग आली की काय होतं ते बघा. रिकामी स्ट्रिंग बरोबर रिकामी स्ट्रिंग, ही तुलना खरी ठरते. टेबलात आधीपासून ज्या पहिल्या खात्याचा मोबाइल रिकामा आहे, ते खातं सापडतं. ते खातं होतं सावळजच्या बागायतदारांचं, कारण हंगामात काउंटरवर मोबाइल न देता आलेले ते पहिले. त्यांच्यानंतर काउंटरवर आलेला प्रत्येक बिनमोबाइलचा शेतकरी त्यांच्याच खात्यात जाऊन पडला.

गेटवरून नल आला की उलटं. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, नल बरोबर नल ही तुलना खरीही नसते आणि खोटीही नसते. तिचं उत्तर "माहीत नाही" असं असतं, आणि अटीप्रमाणे रांगा गाळणारा व्हेअर फक्त "खरं" आलेल्या रांगा ठेवतो. म्हणजे जतचे शेतकरी पहिल्यांदा आले, खातं सापडलं नाही, नवीन उघडलं. दुसऱ्यांदा आले, पुन्हा सापडलं नाही, पुन्हा नवीन. त्यांनी अजून दहा खेपा केल्या असत्या तर अजून दहा खाती झाली असती.

एकच ओळ, एकच कोरा रकाना, आणि दोन विरुद्ध दिशेच्या चुका. माझं मत असं की यातला नल प्रामाणिक होता. मला माहीत नाही असं तो म्हणाला आणि कुणाशी जुळला नाही. गोंधळ घातला तो रिकाम्या स्ट्रिंगने. ती "माझी किंमत ठाऊक आहे, ती शून्य लांबीची आहे" असं छातीठोक सांगते आणि दुसऱ्या तशाच रकान्याशी हात मिळवते. नलची बदनामी जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गॉल डब्ल्यू या भाषेसाठी नल संदर्भ, म्हणजे कशाकडेच बोट न दाखवणारा संदर्भ, आणला आणि २००९ च्या एका भाषणात त्यालाच आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. पण तो संदर्भांचा नल, जो चालता प्रोग्रॅम आडवा पाडतो. प्रोग्रॅम आडवा पडला की निदान फोन तरी येतो. रिकाम्या स्ट्रिंगने इथे पूर्ण हंगाम काहीही न पाडता काढला.

मध्येच एका मित्राने फोनवर उपाय सांगितला : अन्सी नल्स नावाची सेटिंग बंद कर, मग नल बरोबर नल खरं धरलं जाईल. सेटिंग खरी आहे, पण मायक्रोसॉफ्टने ती कधीच मोडीत काढायच्या यादीत टाकली आहे. शिवाय ती बंद केली असती तर जतच्या शेतकऱ्यांची खाती फुटली नसती हे खरं, पण गेटवरून आलेले सगळे बिनमोबाइलचे लोकही एकाच कुणाच्या तरी खात्यात जमा झाले असते. एका सावळजच्या जागी दोन.

मग हंगामभर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? याचं उत्तर एका अहवालात होतं. "बिल राहिलेले खातेदार" नावाची यादी दिवाणजी दर शनिवारी काढायचे. हंगामाच्या सुरुवातीला तिच्यात नावं यायची. नंतर एका शनिवारी ती कोरी आली, आणि पुढे कोरीच येत राहिली. दिवाणजी खूश होते. "सायेब, औंदा सगळ्यांची बिलं टायमात झाली," असं त्यांनी मला अभिमानाने सांगितलं.

ती यादी अशी लिहिली होती : ज्या शेतकऱ्यांचा क्रमांक बिलांच्या टेबलातल्या शेतकरी क्रमांकांत नाही, ते दाखव. म्हणजे नॉट इन. बिलांच्या टेबलात बहुतेक बिलांवर शेतकरी क्रमांक होता, पण एका व्यापाऱ्याचं रोखीचं बिल कुणाच्याच खात्यावर न टाकता केलेलं होतं. त्यावर शेतकरी क्रमांक नल. तेवढ्या एका बिलाने पूर्ण यादी पुसली. कसं ते उदाहरणाने सांगतो. बिलांमध्ये क्रमांक १, २ आणि नल आहेत असं धरा. ५ क्रमांकाचा शेतकरी त्यांत नाही, हे ठरवायला डेटाबेस तीन गोष्टी तपासतो : ५ हा १ नाही, खरं. ५ हा २ नाही, खरं. ५ हा नल नाही, माहीत नाही. खरं आणि खरं आणि माहीत नाही, यांची गोळाबेरीज "माहीत नाही". रांग गळली. प्रत्येक शेतकऱ्यासाठी हेच होतं, त्यामुळे यादी कायम कोरी. चूक नाही, लाल अक्षर नाही, फक्त एक स्वच्छ पान. तिथे नॉट एक्झिस्ट्स, म्हणजे 'असं बिलच नाही' अशी अट, वापरलं की नल आडवा येत नाही, आणि ते त्याच दिवशी बदललं. बदलल्यावर जी यादी छापून आली ती बघून दिवाणजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

इथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. एसक्यूएल स्वतःही नलशी सगळीकडे एकसारखं वागत नाही. तुलनेत नल नलला ओळखत नाही, पण गट पाडणाऱ्या ग्रुप बायमध्ये सगळे नल एकाच गटात येतात. मूळ प्रोग्रॅमरने मोबाइलनुसार गट पाडून पाहिले तेव्हा त्याला नलचा एक गट दिसला आणि त्याची समजूत झाली की नल एकमेकांशी जुळतात. चेक कंस्ट्रेंट, म्हणजे रकान्यात काय चालेल याची टेबलावर लावलेली अट, तर तिसऱ्याच तऱ्हेचा : व्हेअर "माहीत नाही" ला बाहेर ठेवतो, चेक त्याला आत घेतो. आणि युनिक इंडेक्स, म्हणजे एकच किंमत दोनदा येऊ न देणारा नियम, त्याचा प्रत्येक डेटाबेसच्या घरी रीतरिवाज वेगळा. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल एरवी कितीही नल चालवून घेतात, एसक्यूएल सर्व्हर फक्त एक. ओरॅकलमध्ये गेलात तर शून्य लांबीची स्ट्रिंग असा प्रकारच उरत नाही, ती नलच होते. या शीतगृहाच्या टेबलावर एके काळी मोबाइलवर युनिक इंडेक्स होता, असं जुन्या स्क्रिप्टवरून दिसलं. दुसरा बिनमोबाइलचा शेतकरी गेटवर आला, नोंद होईना, गाडी रस्त्यावर, मागे हॉर्न. कुणीतरी इंडेक्स काढून टाकला. अशा वेळी मीही नोंद आधी चालू केली असती. नंतर परत येऊन फिल्टर केलेला युनिक इंडेक्स, म्हणजे मोबाइल नल नसेल तिथेच लागू होणारा, लावायला हवा होता. ती सोय एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८ च्या आवृत्तीपासून आहे.

आता साफसफाई. पहिल्यांदा कोरे रकाने मोजायला गेलो तर प्रत्येक मोजणीचं उत्तर वेगळं. नल मोजले, एक आकडा. रिकाम्या स्ट्रिंगशी बरोबरी केली, दुसरा आकडा. त्यात नुसत्या स्पेस असलेलेही आले, कारण एसक्यूएल सर्व्हर तुलना करताना शेवटच्या स्पेस धरत नाही. तेच सी शार्पमध्ये केलं तर एक स्पेस आणि रिकामी स्ट्रिंग वेगळ्या. आणि तरीही काही रकाने दोन्हींकडून निसटले : स्क्रीनवर कोरे, नल नाहीत, ट्रिम केलं, म्हणजे कडेच्या स्पेस काढल्या, तरी कायम. लांबी विचारणाऱ्या लेन फंक्शनने १ सांगितलं, डेटालेंथने २ बाइट. म्हणजे एक अक्षर आहे. एकेकाचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकातला त्या अक्षराचा ठरलेला क्रमांक, काढला तेव्हा दोन पाहुणे सापडले. एक न तुटणारी स्पेस, क्रमांक १६०, जी वेबपेजवरून किंवा एक्सेलमधून चिकटवताना येते आणि एसक्यूएल सर्व्हरच्या नेहमीच्या ट्रिमला दाद देत नाही. दुसरा शून्य रुंदीचा जोडक, क्रमांक ८२०५, म्हणजे स्वतः न दिसता शेजारची अक्षरं कशी जोडायची ते सांगणारी खूण.

हा जोडक दिसला की प्रोग्रॅमरचा हात लगेच "सगळीकडून काढून टाक" कडे जातो. मराठीत असं करू नये. तऱ्हा, गोऱ्हे, वाऱ्यावर असल्या शब्दांतला अर्धा र अनेक जुन्या कळफलकांवर साध्या र, हलन्त आणि या जोडकानेच लिहिला जातो. तो उडवला तर र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि माणसाचं आडनाव पावतीवर चुकीचं छापलं जातं. म्हणून नियम असा ठेवला : स्पेस, न तुटणारी स्पेस आणि जोडक वगळता रकान्यात दुसरं काहीच नसेल तरच तो कोरा धरायचा. एकही खरं अक्षर असेल तर आतल्या जोडकाला हात लावायचा नाही. सी शार्पचं इजनलऑरव्हाइटस्पेस हे तयार फंक्शन न तुटणारी स्पेस ओळखतं, पण जोडक ओळखत नाही, त्यामुळे त्याच्यावर एकट्यावर भागलं नाही. जावाचं इजब्लँक तर न तुटणारी स्पेसही कोरी धरत नाही. भाषा बदलली की "कोरं" ची व्याख्याही बदलते.

मोबाइलच्या रकान्यात आणखी एक गंमत निघाली. गेटवरच्या पोराच्या फोनवर मराठी कळफलक होता, आणि काही क्रमांक देवनागरी आकड्यांत आले होते. सी शार्पचं इजडिजिट त्यांना आकडे मानतं, त्यामुळे तपासणी पास. पण तोच क्रमांक काउंटरवर इंग्रजी आकड्यांत लिहिला की तुलना खोटी, आणि अजून एक खातं. म्हणून सगळे आकडे आधी एका लिपीत आणले.

मग बसलो ते रकान्यांवर. मालक, दिवाणजी, गेटवरचा पोरगा आणि मी. कोणता रकाना कोरा राहिला तर त्याचा अर्थ काय, एवढाच विषय. हे काम प्रोग्रॅमरने एकट्याने करू नये असं मला ठामपणे वाटतं. गाव : कोरं चालणार नाही, गावाशिवाय माल उतरवायचाच नाही. शेरा : कोरा चालेल, पण नल नको, कारण "शेरा माहीत नाही" याला अर्थ नाही. तिथे नॉट नल आणि मूळ किंमत रिकामी स्ट्रिंग. तालुका : नल चालेल, गावावरून नंतर भरता येतो. (पत्ता छापताना गाव आणि तालुका अधिक चिन्हाने जोडले होते. तालुका नल असला की गावासकट पूर्ण पत्ता नल होऊन बिलावर कोरी जागा छापली जायची. तिथे कॉनकॅट हे मजकूर जोडणारं फंक्शन घातलं, जे एसक्यूएल सर्व्हरमध्ये नलला रिकामं धरून पुढे जातं. मायएसक्यूएलमध्ये त्याच नावाचं फंक्शन अख्खं नल परत देतं, हे तिकडे काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.)

मोबाइलवर मात्र बराच वेळ गेला. दिवाणजी म्हणाले, "मोबाइल नाही म्हंजे तीन परकार हायत. एक, म्हाताऱ्याकडं फोनच नाही. दोन, हाय पण आम्ही इचारला नाही. तीन, पोराचा देतो पण तो कधी उचलत नाही." अशा टेबलांच्या डेटाबेसमागचं रिलेशनल मॉडेल मांडणाऱ्या ई. एफ. कॉड यांनी १९९० च्या पुस्तकात नेमकं हेच म्हटलं होतं : "माहिती आहे पण आपल्याकडे नाही" आणि "इथे माहिती लागूच होत नाही" यांसाठी दोन वेगळ्या खुणा हव्यात. एसक्यूएलने दोन्हींसाठी एकच नल ठेवला. त्यामुळे लोक नकळत नलला एक अर्थ देतात आणि रिकाम्या स्ट्रिंगला दुसरा, आणि सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही कोणाचा कोणता. आम्ही मोबाइल नल होऊ दिला, रिकामा होऊ दिला नाही, आणि शेजारी "मोबाइल स्थिती" असा वेगळा रकाना दिला : विचारला नाही, नाही, दुसऱ्याचा, स्वतःचा. चेक कंस्ट्रेंट असा की मोबाइल असेल तर दहा आकडी, पहिला आकडा ६ ते ९. नल त्यातून आपोआप आत जातो, तेच हवं होतं.

मोबाइलने माणूस ओळखायचं तर थांबवलंच. बाप आणि दोन पोरं एकच क्रमांक देतात, अडत्या आपल्या सगळ्या शेतकऱ्यांसाठी स्वतःचा देतो. आता ओळख खाते क्रमांकाने, तो पावतीवर मोठ्या अक्षरात छापलेला. मोबाइल फक्त "हे खातं असू शकेल" असं सुचवतो, आणि मोबाइल नसेल तर काहीच सुचवत नाही.

तिन्ही वाटांवर मजकूर एकाच फंक्शनमधून आत जातो. जुन्या डेव्हलपरने नल दिसेल तिथे दोन प्रश्नचिन्हं आणि रिकामी स्ट्रिंग, म्हणजे 'नल असेल तर रिकामी स्ट्रिंग घे', लिहून सोडली होती. सी शार्प ८ मध्ये, २०१९ साली, नलविषयीच्या सूचना कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम तपासून चालण्याजोगा करणारा, देऊ लागला तेव्हापासून हा रोग वाढला आहे. इशाऱ्याची रेघ जाते, आणि "माहीत नाही" चं "काही नाही" होऊन जातं. कंपायलर खूश, पण हिशेब बिघडलेला. ते सगळे ठिकठिकाणचे पॅच काढले. आडवी रेघ, "नाही", शून्य आणि तो चार अक्षरी शब्द यांना कोरं धरायचं ते फक्त मोबाइलच्या रकान्यात, नावाच्या नाही. जोसेफ टार्टारो नावाच्या कॅलिफोर्नियातल्या माणसाने गाडीच्या नंबरप्लेटवर तोच शब्द घेतला होता, आणि ज्या दंडांवर प्लेटचा नंबर लिहिलाच नव्हता, असे इतरांचे दंड त्याच्या नावावर पडले. २०१९ मध्ये त्याने सांगितलेली रक्कम १२,०४९ डॉलर होती. सावळजचंच प्रकरण, फक्त इंग्रजी अक्षरात.

राहिला जुना हंगाम. फुटलेली खाती जोडणं सोपं गेलं. नाव, गाव, बँक खातं जुळलं की दिवाणजी मान डोलवायचे आणि आम्ही जोडायचो. मिसळलेलं खातं वेगळं करायला मात्र डेटाबेसमध्ये काहीच शिल्लक नव्हतं. प्रत्येक लॉटवर फक्त खात्याचा क्रमांक, आणि तो सगळ्यांचा एकच. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती आणि गेटचं आवक रजिस्टर काढावं लागलं. लॉट क्रमांकावरून स्थळप्रत, तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेलं नाव, कधी नुसतं "अण्णा, पलूस". अशा ठिकाणी दिवाणजींची आठवण कामी आली, पेटीवरच्या मार्क्यावरूनही काही ओळखले. थोडे लॉट शेवटी व्यापाऱ्यांच्या सौदापट्ट्यांशी ताडून लावले.

नव्या व्यवस्थेतही एक फट आहे आणि ती उघड्या डोळ्यांनी ठेवली आहे. ज्याला मोबाइल विचारायचा कंटाळा येतो तो दहा वेळा ९ दाबतो. पहिला आकडा ९, एकूण दहा, तपासणी पास. हे नियमाने अडवलं तर तो उद्या दुसरा काहीतरी दाबेल. म्हणून शनिवारच्या अहवालात आता एक यादी जास्तीची निघते : जो क्रमांक पाचाहून जास्त खात्यांवर आहे, तो. तिच्यात बहुतेक अडत्यांचे क्रमांक येतात, ते दिवाणजी ओळखतात आणि सोडून देतात. उरलेल्यांवर ते गेटवर फोन लावतात.